मदत हवी आहे: प्लेअरवर पखवाज फाटतोय

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. बाबांच्या एमपीथ्री प्लेअरवर भजनं भरून दिलीत. त्यांना पखवाज दणदणीत हवा, पण इक्वलायझरची (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) ६० हर्ट्झची, म्हणजे खर्जाची पट्टी वर नेली की मोठ्या आवाजात नुसतं फरफरतं. ‘रॉक’ हे त्यातलं तयार सेटिंग लावलं तर टाळ कानात टोचतात (ते भजनासाठी नाहीच म्हणा!). ती पट्टी शून्यावर ठेवून बाकीच्या खाली आणल्या तर फाटणं थांबतं, पण एकूण आवाज इतका पडतो की बेळगावला जाताना बसच्या घरघरीत काहीच ऐकू येत नाही. २ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उचललं तर बुवांचे शब्द उठून येतील का? मेनू इंग्रजीत आहे, बाबा मराठी आणि कानडीच वाचतात, त्यामुळे एकदाच लावून द्यायचंय. कुणी सेटिंग सांगेल का?