शेजारच्या बेदाणा शेडची सावली सोलरवर येतेय, उन्हाचा हक्क लिहून घेता येतो का?

नमस्कार मंडळी,
कवठेमहांकाळ तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. योजनेतून १० टक्के हिस्सा भरून ५ एचपीचा सौरपंप बसवला. प्लेटा बांधापासून पंधरा फुटांवर. बांधापलीकडे, नैऋत्येला चुलतभावाचं रान. त्यानं तिथं बेदाण्याचं शेड अर्धं उभं केलंय.

मे महिन्यात काही जाणवलं नाही, सूर्य डोक्यावरच. पण ऑक्टोबर छाटणीनंतर, बागेला पाणी हवं तेव्हाच, तीननंतर खालच्या प्लेटांवर सावली चढायला लागते. दोनच प्लेटा काळवंडतात, पण सगळ्या एकाच माळेत, त्यामुळं धार करंगळीएवढी होते.

भांडण नाही. दादा म्हणतो, "उरलेलं शेड लांब घेतो. ५०० च्या स्टॅम्पवर लिहून देतो, नोटरी कर." एवढं पुरेल का? उद्या त्यानं रान विकलं तर? आणि वीस वर्षांनी वहिवाटीनं हक्क लागतो म्हणतात, ते उन्हालाही लागू आहे का?

उत्तर :
वीस वर्षांचं विसरा. १८८२ च्या सुविधाधिकार (आपल्या जमिनीच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क) कायद्याच्या कलम १५ नुसार उजेडाची वहिवाट इमारतीला लागते. मोकळ्या जागेवरच्या उजेडाचा हक्क वहिवाटीनं मिळत नाही, हे कलम १७ मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे दादानं मनात आणलं तर पूर्ण शेड बांधेल आणि तुम्ही बघत बसाल.

राजीखुशीनं मात्र हक्क देता येतो. नुसती परवानगी लिहून घेऊ नका, ती मागं घेता येते. सुविधाधिकाराचा दस्त करा आणि दुय्यम निबंधकाकडं नोंदवा. दोन्ही गट नंबर, हातनकाशा, बांधापासून किती फुटांत किती उंचीच्या वर बांधकाम किंवा झाड नको, सगळं फुटांत लिहा. 'अडथळा करणार नाही' एवढ्यावर पुढं वाद होतात. हक्क तुमच्या गटाला जोडलेला आहे असं लिहिलं की रान विकलं तरी घेणाऱ्याला बांधील राहतो. मग सातबाऱ्याच्या इतर अधिकारात नोंदीसाठी तलाठ्याकडं अर्ज द्या. सह्या सगळ्या खातेदारांच्या लागतील.

धागाकर्ता :
आभारी आहे. सातबारा आत्ताच काढून बघितला. चुलतभावाबरोबर त्याच्या दोन्ही बहिणींची नावं आहेत. धाकटी इचलकरंजीला, आणि थोरली गेल्या दिवाळीपासून भावाशी बोलत नाही. आधी तिच्याकडं जाऊन येतो.