मदत हवी आहे: चुकीचा होकार एकही नसेल तर डी-प्राइम (संवेदनक्षमतेचे माप) कसा काढावा?

मंद ध्वनी ओळखण्याची ‘हो/नाही’ चाचणी आहे. ५० फेऱ्यांत ध्वनी, ५० रिकाम्या, क्रम यादृच्छिक. एकाचे बरोबर होकार (ध्वनी असताना ‘हो’) ९०%, चुकीचे (रिकाम्या फेरीत ‘हो’) ४०%. दुसऱ्याचे ६०% आणि १०%. दोघांचा डी-प्राइम सुमारे १.५३, म्हणजे संवेदनक्षमता सारखीच. निकष (‘हो’ म्हणण्याकडचा कल; ऋण म्हणजे सहज ‘हो’) मात्र −०.५१ आणि +०.५१. नुसते बरोबर होकार मोजले तर पहिल्याचा कान उगाच तिखट ठरतो, आणि नेमकी हीच फसगत टाळायची आहे!

अडचण तिसऱ्याची. चुकीचे होकार शून्य, त्यामुळे झेड-मूल्य (टक्केवारीचे सामान्य वितरणातले स्थान; दोन्ही होकारांच्या झेड-मूल्यांतला फरक म्हणजे डी-प्राइम) अनंत. होकारांत ०.५ आणि फेऱ्यांत १ मिळवायची दुरुस्ती सगळ्यांनाच लावावी, की फक्त याच्या शून्याऐवजी ०.०१ धरावे? शिवाय, ध्वनी कोणत्या अवधीत होता हे दोन अवधींतून निवडायला लावल्यास पहिल्या अवधीकडचा कल कसा तपासता?