मदत हवी आहे: ब्रेस्ट इम्प्लांटआधी डॉक्टरांना काय काय विचारू?

नेहमीच्या आयडीने लिहायचं धाडस होईना, म्हणून हा नवा.

मी 34 वर्षांची, पुण्यात असते. दोन मुलं, दोघांना मिळून साडेतीन वर्षं अंगावर पाजलं. धाकटीचं सुटलं आणि छाती पार ओसरली, डावीकडे जरा जास्तच. आता ब्लाउज शिवायला टाकला की शिंपीणकाकू न विचारताच कप लावून देतात. नवरा म्हणतो, तुला हवं असेल तर कर. सासूबाईंना सांगितलेलं नाही. तेव्हा 'आहे त्यात समाधान मान' सोडून काहीही बोला.

दोन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या क्लिनिकमध्ये दहा मिनिटांत 350 सीसीचं पॅकेज हातात, याच महिन्यात केलं तर सूट. दुसऱ्या डॉक्टरांनी टेपने रुंदी मोजली, कातडी चिमटीत धरून जाडी बघितली आणि म्हणाले, 275च्या वर मी घालणार नाही. एवढा फरक का? शिवाय माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. पुढे मॅमोग्राफीत इम्प्लांट आड येईल का? आणि किती दिवस मुलीला उचलता येणार नाही? ती चार वर्षांची आहे, अजून कडेवर बसते.

रानजाई:
मी केलंय, नऊ वर्षं झाली. दुसरे डॉक्टर बरे वाटतायत गं. छातीच्या रुंदीपेक्षा मोठा इम्प्लांट घातला की कडा दिसतात, कातडी ताणते, वजनाने खाली येतो तो वेगळाच. घरी एक करून बघ. तांदूळ मापी कपाने मोजून पातळ पिशवीत भर, ब्रामध्ये ठेव आणि दिवसभर कामं कर. एक कप म्हणजे 240 मिलीच्या, म्हणजे तेवढ्याच सीसीच्या, आसपास. मी दीड कपाने सुरुवात केली होती, संध्याकाळी खांदे भरून आल्यावर एकावर आले!

माझा स्नायूखाली आहे, चिरा स्तनाच्या खालच्या घडीत. अंगावर मांस कमी असेल तर स्नायूखाली झाकला जातो, पण सुरुवातीला दुखतं जास्त. पहिला आठवडा केस विंचरायला बहीण होती. कुकर वरच्या फळीवरून काढणं, दोरीवर कपडे टाकणं, सगळं बंद. लेकीला उचलायचं नाव महिना-दीड महिना काढू नकोस. नक्की कधी ते डॉक्टर सांगतील. ती आपणहून मांडीवर चढेल अशी सवय आधीपासूनच लाव.

चष्मेबहाद्दर:
देवाने दिलंय त्यात काय वाईट आहे म्हणतो मी.

रानजाई:
धागा वाचला असतात तर बरं झालं असतं, भाऊ.

कोकणकडा:
न्यू जर्सीत असते, इथलं सांगते. 2021पासून एफडीएने, म्हणजे इथल्या औषध-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, इम्प्लांटवर काळ्या चौकटीतला इशारा सक्तीचा केलाय. ऑपरेशनआधी पेशंटला मुद्द्यांची यादी वाचायला देऊन सह्या घेतात. इशाऱ्यातला पहिलाच मुद्दा, हे आयुष्यभर टिकणारं नाही. कधी ना कधी बदलायचं किंवा काढायचं ऑपरेशन होऊ शकतं, तेव्हा खर्च एकदाच धरू नका. सिलिकॉन आतल्या आत फाटलं तर बाहेरून कळतही नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी. शरीर इम्प्लांटभोवती जे आवरण तयार करतं ते आवळून स्तन दगडासारखा घट्ट होणं हाही नेहमीचा त्रास.

पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हे विचाराच. खरखरीत इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) होतो. त्यापायीच अ‍ॅलर्गन कंपनीने 2019 मध्ये बायोसेल या खरखरीत जातीचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले.

मॅमोग्राफी करता येते. तंत्रज्ञाला आधी सांगायचं, मग इम्प्लांट मागे सारून जादा फोटो घेतात. पण तरी थोडा भाग झाकला जातोच. मावशीचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि आत्ताच तपासणी करून जुने रिपोर्ट जपून ठेवा.

मिरजकर:
पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' कुणीही लिहितं. एम.सीएच. किंवा डीएनबी, तेही प्लास्टिक सर्जरीतलं, एवढं बघा. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, रात्री काही झालं तर कोण येणार, हेही विचारा. सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही, वर जीएसटी. कोटेशनमध्ये धरलाय का बघा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्यांनाही लांब ठेवा, जखम भरायला वेळ लागतो. आणि इम्प्लांटचं कार्ड घेतल्याशिवाय घरी येऊ नका. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर सगळं त्यावर असतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल पहिल्या क्लिनिकला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, कंपनी कोणती, गुळगुळीत की खरखरीत? उत्तर आलं, 'मॅडम इम्पोर्टेड आहे, ऑफर रविवारपर्यंत.' ते नाव खोडलं.

मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातेय. आत्ता एकेक कप तांदूळ घालून पोळ्या लाटल्या. रानजाई, डावीकडे थोडे जास्त भरू ना?