वीज गेली की मिक्सर रीस्टार्ट, स्पीकरमध्ये घूं, स्लाइडवर भलतीच अक्षरं

कॅम्पचा_साउंड
जय ख्रिस्त. पुण्याच्या कॅम्पातलं जुनं दगडी चर्च, रविवारी अडीचशे माणसं. 16 चॅनेलचा डिजिटल साउंड मिक्सर, दोन कॉर्डलेस माइक, गाण्यांना लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. इन्व्हर्टर असूनही वीज गेली की मिक्सर रीस्टार्ट होतो. तो उठेपर्यंत पाळकसाहेब नुसतेच उभे. लॅपटॉपचा ऑडिओ जोडला की स्पीकरमधून घूं येतं. गाण्यांच्या फाइली दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ईस्टरच्या पवित्र आठवड्याआधी हे निस्तरायचंय. कमिटी म्हणते नवा मिक्सर घ्या. लागेल का?

तपकीर_गल्ली
नका घेऊ, नवाही असाच बंद पडेल. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा एक खटका असतो: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मिक्सर मरतो. यूपीएसवर टाका. त्यात एक गोम आहे, व्होल्टेज साधारण 180च्या खाली गेलं की तो लगेच बॅटरीवर जातो.

तरीही मिक्सर, वायफाय राउटर आणि लॅपटॉपसाठी 600 व्हीएचा वेगळा कॉम्प्युटर यूपीएस लावाच. अॅम्प्लिफायर त्यावर मुळीच नको. आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि यूपीएसचा दिवा मात्र हिरवाच राहतो. म्हणून महिन्यातून एकदा, चर्च रिकामं असताना, भिंतीतला प्लग उपसून बघा.

अॅम्प नेहमी शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद. नाहीतर मिक्सर उठताना जो धप्पकन आवाज होतो त्यात ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जातो.

ओळ_सांगा
फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या दिसतात. त्यात खाली इंग्रजी कीच साठवलेल्या असतात, मराठी फक्त फॉन्ट दाखवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर कचराच दिसणार. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्या आणि नंतर एकेक ओळ वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. रविवारची फाइल पीडीएफ करून पेनड्राइव्हवर आणि एका मोबाइलमध्ये ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो.

प्रोजेक्टरच गेला तर गायनवृंदातल्या एकाने ओळ आधी सांगायची, मंडळीने मागून गायची. कोणी सांगायची ते शनिवारीच ठरवा, ऐनवेळी सगळे एकमेकांकडे बघतात.

कॅम्पचा_साउंड
चार्जर काढला की घूं थांबतं. वायरमन म्हणाला, चार्जरची अर्थ पिन कापून टाका.

तपकीर_गल्ली
हात लावू देऊ नका! अर्थ ही सुरक्षेसाठी असते. आज चार्जरची कापली की उद्या अॅम्पचीही कापतील, आणि मग बिघाडाचा करंट धातूच्या माइकवरून गाणाऱ्याच्या ओठाला लागतो. तुमचा दोष ग्राउंड लूपचा आहे: चार्जरची अर्थ एकीकडून, मिक्सरची दुसरीकडून, मधे ऑडिओची केबल. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह डीआय बॉक्समध्ये (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे बसणारी छोटी डबी) जा, तिथून एक्सएलआर केबलने, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलने, मिक्सरला. घूं राहिलंच तर बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा, तो फक्त ऑडिओ केबलची अर्थ तोडतो, विजेची नाही. त्याआधी लॅपटॉप आणि मिक्सर एकाच अर्थिंगवाल्या बोर्डावर घेऊन बघा, कधी कधी तेवढ्यावर भागतं.

खडकी_बेंच
कॉर्डलेस माइकचं कोणी बोललं नाही. उत्तम शुक्रवारची, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना तीन तास चालते, त्यामुळे दोन्ही माइकमध्ये त्याच दिवशी नवे अल्कलाइन एए सेल टाका, अर्धवट वापरलेले नकोत. रिसीव्हर कपाटात कोंडू नका, अँटेनाला माइक दिसला पाहिजे.

आणि पुण्यात देखभालीची बत्ती गुल बहुधा गुरुवारीच, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवसाची, आज्ञा गुरुवारची साउंड चेक दुपारवर ठेवू नका, बुधवारी रात्रीच उरका. पुलपिटवर एक साधा वायरचा डायनॅमिक माइक कायम जोडलेला, चालू, फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) अर्धा वर. कॉर्डलेस गेला की पाळकसाहेबांनी कोणाला न विचारता तोच घ्यायचा.

कॅम्पचा_साउंड
डीआय बॉक्स तपकीर गल्लीत मिळेल ना?

तपकीर_गल्ली
मिळेल. दुकानातच उघडून आत ट्रान्सफॉर्मर आहे का बघा, नुसते रेझिस्टर असलेलेही गळ्यात मारतात.