मदत हवी आहे: फिशआय कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन कडेला फसतंय

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. आमच्या पार्किंगच्या छताला १८० अंशांचा फिशआय (अतिरुंद भिंगाचा) कॅमेरा आहे. 'माझी गाडी पट्ट्यातच होती' यावरून दर मीटिंगला जुंपते, म्हणून गाडी किती सेंटिमीटर बाहेर आहे ते चित्रावरूनच मोजावं म्हटलं. (हौस माझी, कमिटीने सांगितलेलं नाही.)

कॅलिब्रेशनला (भिंग चित्र किती वाकवतं ते मोजायला) ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी वापरतोय. ए-फोर कागदावर ९ बाय ६ कोपऱ्यांचा चेकरबोर्ड छापून पुठ्ठ्यावर चिकटवला, वॉचमनकाकांना धरायला लावून २८ फोटो काढले. साध्या कॅलिब्रेशनमध्ये कोपऱ्यांच्या जागेतली सरासरी चूक ०.४ पिक्सेल आली, खूश झालो. पण सरळ केलेल्या चित्रात मधले पिलर ताठ आणि कडेचे केळ्यासारखे! मग त्यातलं फिशआय मॉड्यूल घेतलं, तर ते 'इल-कंडिशन्ड मॅट्रिक्स' (या फोटोवरून भरवशाचं गणित होत नाही) म्हणत फोटो १७ वर अडलं. तो वगळला तर २२ वर. सहा फोटो वगळल्यावर चाललं, पण ते सहाही कडेचेच होते. कडेचे फोटो ठेवून हे चालवायचं कसं? पावसाळी हवेने पुठ्ठाही जरा फुगलाय, त्याचा काही संबंध?

प्रतिसाद:
पुठ्ठ्याचा संबंध आहेच, बोर्ड सपाट आहे असं धरूनच सगळं गणित होतं. फलकवाल्याकडून एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट) शीटचा तुकडा आणा, त्यावर चिकटवा. शारुको बोर्ड (ChArUco, चौकटींत ओळखखुणा असलेला चेकरबोर्ड) छापलात तर उत्तम. तो अर्धा चौकटीबाहेर गेला तरी दिसतील तेवढे कोपरे वापरता येतात.

०.४ वर जाऊ नका. कोपरे मधलेच दिले असतील तर तो आकडा कडेबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय साधं मॉडेल कोनाच्या टॅन्जंटवर चालतं, आणि ९० अंशांजवळ टॅन्जंट हाताबाहेर जातो. फिशआय मॉड्यूल थेट कोनच घेतं (कन्नाला-ब्रांट यांचं मॉडेल, २००६), तेव्हा तेच धरून राहा. आधी फक्त मधल्या फोटोंवर चालवा. कॅमेऱ्याचं जे मॅट्रिक्स (फोकस आणि केंद्राचे आकडे) येईल ते 'यूज इन्ट्रिन्सिक गेस' हा पर्याय लावून सुरुवातीचा अंदाज म्हणून द्या आणि मग कडेचे फोटो घाला.

पण अख्खं चित्र सरळ करायच्या नादी लागताच कशाला? १८० अंश सपाट चित्रात मावतच नाहीत. पट्ट्यांचे कोपरे टेपने मोजून कॅमेऱ्याची जागा नि रोख काढा. मग टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूचा किरण जमिनीला कुठे छेदतो, एवढंच बघायचं.

धागाकर्ता:
किरणाचं डोक्यातच आलं नव्हतं! पार्किंग दुपारी रिकामं असतं, तेव्हाच टेप लावतो. शारुको ए-थ्री छापला तर पुरेल ना?