तुमचं इंग्रजी गाणं कोणत्या अक्षराचं?

भेंड्या आपण शेवटच्या अक्षरावर खेळतो. मला मात्र इंग्रजी गाणी पहिल्या अक्षरानं भेटली. जालन्यात २००६ साली भावानं बाजारातून एमपी३ची एक सीडी आणली, दीडशे गाण्यांची. कव्हरवर ना गायकाचं नाव, ना साल. डीव्हीडी प्लेअर लावला की टीव्हीवर नुसती नावांची यादी यायची, 'ए'पासून लावलेली. लाईट जायची, चार-पाच तासांनी यायची आणि प्लेअर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. 'ए' आणि 'बी' पाठ झाले. 'एम'च्या पुढं आम्ही वर्षभर गेलोच नाही.

'बी'मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' होतं. त्यात मधेच 'बिस्मिल्ला' ऐकू आलं तशी आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. इंग्रजी गाण्यात बिस्मिल्ला कुठून आलं, ते तिलाही कळेना आणि मलाही. गाणं क्वीन या बँडचं, १९७५चं, आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारोख बुलसारा, हे कळायला मला चार वर्षं लागली. तोवर गाणं आमच्या घरचं होऊन गेलं होतं.

आपल्याकडं इंग्रजी गाणं दाखवणारं होतं तरी कोण? कॅसेटच्या दुकानात हिंदी, मराठी, भक्तिगीतं, कव्वाल्या. अक्षरानं हात धरला. कोण नामांकित, कोण विस्मरणात गेलेला, हे अक्षराला ठाऊक नसतं. म्हणून ती वाट मला फार जवळची वाटते. मराठवाड्यात ज्यांना ज्यांना असं गाणं सापडलं, त्यांनी लिहा. गाव लिहा, अक्षर लिहा. नीटनेटकं नसलं तरी चालेल.

परभणी, अक्षर 'के'

माझं अक्षर 'के', पण ते मी दोन महिने 'एन'मध्ये शोधत होतो. २००३ची गोष्ट. कृषी विद्यापीठात शिकत होतो. हॉस्टेलवरच्या मित्राच्या कॅसेटवर 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' ऐकलं होतं आणि मला त्याचे शब्द पाहिजे होते. नेट कॅफेत तासाला वीस रुपये. गाण्यांच्या शब्दांच्या एका साइटवर वरच्या बाजूला 'ए' ते 'झेड' अशी अक्षरांची ओळ असायची. कानाला 'नॉ' ऐकू येतं म्हणून मी 'एन' दाबायचो. पान उघडता उघडता निम्मे पैसे जायचे. नाइफमधला मुका 'के' शाळेपासून माहीत होता, पण तो इथं असेल असं मनातही आलं नाही.

'एन'च्या यादीत एक नाव रोज डोळ्यांखालून जायचं, 'नॉर्वेजियन वुड'. शेवटी तेच उतरवून सीडीवर घेतलं आणि सुट्टीत गावाकडं नेलं. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. गाणं सुरू होऊन काही सेकंद झाले नाहीत तोच ते म्हणाले, "अरे, ही तर सतार हाय!" मी म्हणलं, "नाही बाबा, गिटार असंल." ते ऐकेनात. त्यांचंच बरोबर होतं. बीटल्सचं १९६५चं गाणं, सतार जॉर्ज हॅरिसननं वाजवलेली. रविशंकरांकडं तो शिकायला लागला ते त्यानंतर. बाबांनी गाणं लागोपाठ तीनदा लावायला लावलं आणि म्हणाले, "हात कच्चा हाय, पण मन लावून वाजवायलाय."

'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' हे बॉब डिलनचं गाणं पुढं 'के'मध्ये सापडलं. १९७३चं, मरणाच्या दारी टेकलेल्या शेरीफचं. तेही ऐकतो. पण जीव लागला तो चुकीच्या अक्षरात सापडलेल्या गाण्याला.

हिंगोली, अक्षर 'टी'

मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. माझ्या कार्डात 'टी'ची गाणी सगळ्यात जास्त. मला वाटायचं, इंग्रजांना 'टी' हे अक्षर फार आवडत असणार. माझी मावशी ग्रंथपाल. ती म्हणाली, "बाळा, सुरुवातीचा 'द' सोडून दे. आम्ही पुस्तकं लावताना 'द', 'अ', 'अॅन' धरतच नाही." रविवारी दोघं बसलो आणि अख्खी यादी वहीत नव्यानं लावली. त्या दिवशी 'द साउंड ऑफ सायलेन्स' 'टी'च्या ढिगातून निघून 'एस'मध्ये आलं आणि मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं. सायमन आणि गारफंकल यांनी ते १९६४ मध्ये नुसत्या गिटारीवर गायलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी निर्माते टॉम विल्सन यांनी त्या दोघांना न विचारताच त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले, आणि जानेवारी १९६६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ती वही अजून आहे. मावशीचं अक्षर फार सुंदर होतं.

छत्रपती संभाजीनगर, अक्षर 'एस'

विद्यापीठात इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते. रोज एक अक्षर घ्यायचं आणि त्यातलं एक अनोळखी गाणं ऐकायचं, असं मैत्रिणीचं नि माझं ठरलं होतं. 'एस'च्या दिवशी 'स्ट्रेंज फ्रूट' हे नाव दिसलं. मला वाटलं, बागेचं किंवा प्रेमाचं काहीतरी असेल. गायिका बिली हॉलिडेचा आवाज सुरू झाला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला कळलं की झाडाला लटकलेली ती फळं म्हणजे काळ्या माणसांची प्रेतं आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेत जमावानं मारून झाडाला टांगलेली माणसं. गाणं १९३९चं. लिहिणारा एबल मीरोपोल हा न्यूयॉर्कमधला ज्यू शिक्षक. अशाच एका हत्येचं छायाचित्र पाहून त्यानं आधी कविता लिहिली.

माझे वडील मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. बाबासाहेबांनी उभं केलेलं ते कॉलेज आमच्या घरी देवघरासारखं. नामांतराच्या लढ्यात ते तुरुंगातही जाऊन आले. त्या रात्री मी त्यांना गाणं ऐकवलं. इंग्रजी गाणं त्यांनी याआधी कधी मुद्दाम ऐकलं नव्हतं. त्यांनी अर्थ विचारला, मी एकेका ओळीचा मराठीत सांगितला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गाणं तीन मिनिटांचं, पण आम्ही त्या रात्री एकपर्यंत बोलत बसलो. त्यांनी त्यांच्या गावातल्या अशा दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी तोपर्यंत कधीच ऐकल्या नव्हत्या. त्या इथं लिहिणार नाही.

(जालना: ताई, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. मी आज ते गाणं ऐकलं. दुसऱ्यांदा लावायला धीर झाला नाही.)

लातूर, अक्षर 'एच'

२०१६चा एप्रिल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. टँकरच्या रांगेत घागरी लावून बसलालो होतो, कानात हेडफोन. मोबाइलवरची यादी सरकत सरकत 'एच'वर आली आणि 'हॅव यू एव्हर सीन द रेन' लागलं. पाऊस बघितलास का कधी, म्हणून विचारलालंय! माझ्या पुढं एक आजी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "काय ऐकलालास रे लेकरा?" मी सांगितलं, पावसाचं गाणं हाय. त्या म्हणाल्या, "मग मोठ्यानं लाव की." हेडफोन काढला आणि अख्ख्या रांगेला ऐकवलं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, १९७१. जॉन फॉगर्टी यांनी ते यश मिळत असतानाच मोडत चाललेल्या आपल्या बँडबद्दल लिहिलं, हे नंतर वाचलं. पण माझ्यापुरतं ते त्या रांगेतलं गाणं हाय.

नांदेड, अक्षर 'क्यू' की 'डब्ल्यू'?

माझं वय बहात्तरच्या पुढं. लॉकडाऊनमध्ये नात पुण्यात अडकली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आमचा खेळ चालायचा: ती अक्षर सांगणार, मी त्या अक्षराचं इंग्रजी गाणं सांगायचं. 'क्यू' आला तेव्हा मी लगेच म्हटलं, 'के सेरा सेरा'. लहानपणी मी काही वर्षं मामांकडं हैदराबादला शिकले. तिथल्या बाई आमच्याकडून ते गाऊन घ्यायच्या. डॉरिस डेचं गाणं, हिचकॉकच्या चित्रपटातलं, ऑस्कर मिळालेलं. १९५६चं. त्याच वर्षी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, म्हणून साल माझ्या पक्कं लक्षात आहे.

नात म्हणाली, "आजी, हे 'डब्ल्यू'चं आहे. खरं नाव 'व्हॉटएव्हर विल बी, विल बी', तुझं नाव कंसात आहे." मी ऐकलं नाही. चित्रपटात एक आई आपल्या मुलाला जे गाऊन दाखवते, ते 'के सेरा सेरा'च. शेवटी दोघींनी ते दोन्ही दिवशी गायलं, 'क्यू'लाही आणि 'डब्ल्यू'लाही.

धाराशिव, अक्षर 'झेड'

सगळे 'ए'पासून सुरू करतात म्हणून मी उलटा गेलो. पहिलंच 'झॉम्बी'. नावावरून भुताखेताचं वाटलं. निघालं १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला झालेल्या बॉम्बस्फोटांत गेलेल्या दोन लेकरांचं. क्रॅनबेरीज या बँडच्या डोलोरेस ओ'रिऑर्डननं लिहिलेलं, १९९४चं. वाटेत 'यू'ला 'अनचेन्ड मेलडी' भेटलं. अख्ख्या गाण्यात 'अनचेन्ड' हा शब्द शोधून दमलो. तो १९५५च्या ज्या चित्रपटासाठी ते गाणं केलं, त्याच्या नावातला आहे.

अंबाजोगाई, अक्षर 'वाय' आणि 'एक्स'

मला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर वापरतो. गाण्यांच्या फोल्डरमध्ये एखादं अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या पहिल्या फाइलवर उडी बसते आणि तो आवाज तिचं नाव वाचतो. त्यामुळं बाकीच्यांसाठी हा खेळ असेल, माझं तर रोजचं चालणंच असं आहे. एकदा बोट घसरून 'यू'ऐवजी 'वाय' दाबलं गेलं आणि 'यस्टरडे' लागलं. दोन मिनिटांचं गाणं, एक गिटार आणि चार तंतुवाद्यं. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनी यांना चाल आधी सुचली आणि शब्द सापडेपर्यंत ते त्यावर फेटलेल्या अंड्यांच्या भाजीबद्दल काहीबाही गायचे, हे मी नंतर वाचलं. मला हे फार आवडलं, कारण मीही चाल आधी ऐकतो, शब्द मागाहून येतात.

माझ्या फोल्डरमध्ये 'एक्स' दाबलं की काहीच व्हायचं नाही. तो आवाज गप्पच. बाकी सगळी अक्षरं बोलायची, ते एकच मुकं. हे मी बहिणीला सहज बोललो होतो. राखीपौर्णिमेला ती औशाहून आली, माझा कॉम्प्युटर घेऊन पाच मिनिटं काहीतरी करत बसली आणि म्हणाली, "दादा, आता दाब." मी 'एक्स' दाबलं. आवाज म्हणाला, 'झॅनाडू'. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं, १९८०चं. आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि मग तिनं राखी बांधली.