नाक धुण्यासाठी विहिरीचे पाणी नुसते कोमट करून चालेल का?

प्रश्न (खानापूर तालुक्यातून)

नमस्कार. आमचे गाव जंगलपट्टीला लागून आहे. पावसाळाभर घरात ओल आणि बुरशी असते आणि पाऊस ओसरला की रस्त्यावरची तांबडी धूळ उडू लागते, त्यामुळे वर्षातील बरेच महिने माझे नाक चोंदलेले असते, कपाळ जड होते आणि घशात कफ उतरत राहतो. बेळगावच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला असून रोज मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगितले आहे. औषधाच्या दुकानातील तयार पुड्या रोज परवडत नाहीत. आमच्या विहिरीचे पाणी गोड व नितळ आहे आणि सगळे घर तेच पिते. ते नुसते कोमट करून वापरले तर चालेल का? मीठ किती घालावे? फवारा आधी मारावा की नंतर?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

मी अनेक वर्षे योगवर्गात जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची क्रिया, शिकवतो आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. पिण्याचे पाणी आणि नाकात घालण्याचे पाणी यांत मोठा फरक आहे. गोड्या, कोमट पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो गिळला गेला तर पोटात काही अपाय करत नाही, परंतु नाकात शिरला तर वास घेणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत जातो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 2011 साली नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोन व्यक्ती याच संसर्गाने दगावल्या. असा प्रसंग अत्यंत विरळ आहे हे खरे, पण एकदा जडल्यावर त्यातून वाचणारे फारच थोडे असतात आणि तो टाळण्यासाठी फक्त पाणी उकळावे लागते, म्हणून या बाबतीत मी कोणालाही सवलत देत नाही. शहरात राकसकोप जलाशयातून येणाऱ्या नळाच्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ते तसेच उकळू द्यावे. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर तीन मिनिटे सांगतात, पण आपला भाग सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने एक मिनिट पुरते. नंतर झाकण ठेवून ते कोमट होऊ द्यावे. निवविण्यासाठी त्यात कच्चे पाणी मिसळले, तर उकळण्याचा सारा खटाटोप वाया जातो.

उत्तर (निपाणी)

मिठाबद्दल मी लिहिते. माझ्या आईने बरीच वर्षे तंबाखूच्या वखारीत चाळणीचे काम केले. संध्याकाळी घरी आल्यावर नाक धुतले की आत बसलेली धूळ आणि चिकट शेंबूड निघून जाई आणि तिला रात्री नीट झोप लागे. साध्या पाण्याने नाकात झोंबते, कारण नाकातील आवरणाला रक्ताइतकाच खारटपणा मानवतो, म्हणजे एक लिटर पाण्याला 9 ग्रॅम मीठ. प्रत्येकाच्या घरचा चमचा वेगळा असल्याने किराणा दुकानातील काट्यावर एकदा 9 ग्रॅम तोलून आपल्या चमच्याचे माप ठरवून घ्यावे. मीठ शक्यतो आयोडीन नसलेले व स्वच्छ घ्यावे आणि चिमूटभर खायचा सोडा घातल्यास झोंबणे आणखी कमी होते. खडे सैंधव मी टाळते, कारण त्यात माती आणि कचकच असते.

उत्तर (बेळगाव, परिचारिका)

फवारा नेहमी धुतल्यानंतर मारावा. आधी मारल्यास औषध पाण्याबरोबर वाहून जाते. धुताना मोरीवर वाकून डोके एका बाजूला कलते करावे, तोंडाने श्वास घ्यावा आणि पाणी जोराने दाबू नये. शेवटी पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरावे, कारण एक नाकपुडी बंद करून जोर दिल्यास पाणी कानाकडे ढकलले जाते. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल, तर त्या दिवशी धुऊ नये. नाक धुण्याची बाटली रोज उकळलेल्या पाण्यानेच विसळून उघडी वाळत ठेवावी.

एका बाबतीत मात्र कृपया घरच्या उपायावर थांबू नका. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्याची एक बाजू बधिर झाली, डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसू लागले किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 2021 साली कोविडनंतर म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांना उशिराची किती मोठी किंमत मोजावी लागली, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. आजपासून सकाळी चहाच्या आधी एक पातेले याच कामासाठी उकळून झाकून ठेवतो. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याचेही नाक चोंदते. त्यालाही असेच धुवावे का?

उत्तर (बेळगाव, परिचारिका)

दादा, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाटलीने धुण्याची घाई नको. या वयात बहुधा औषधाच्या दुकानातील सलाइनचे थेंब पुरतात आणि मूलही घाबरत नाही.